लाइन तीनची सहा कार्डं

खोक्यांच्या कारखान्यात सगळे तिला मिनिटताई म्हणत. फाटकालगतच्या खोलीत, काचेच्या खिडकीमागे ती बावीस वर्षं बसत आली होती. खिडकीशेजारी भिंतीवर हजेरीचं घड्याळ. आत येताना कामगार आपलं कार्ड त्याच्या फटीत सरकवून दांडी दाबणार, खट् आवाज होऊन वेळ उमटणार. बाहेर पडताना पुन्हा तेच. एकशे वीस कार्डांवरचे ठसे वाचायचे, बाहेरच्या वेळेतून आतली वजा करायची, जेवणाचा अर्धा तास काढायचा आणि कामाचे तास लिहायचे, हे तिचं काम. तिची बेरीज आजवर कोणी खोटी ठरवली नव्हती. घरी नवरा म्हणे, ही अंडं उकडायला ठेवते तेव्हा अंडंसुद्धा घड्याळाकडे बघत बसतं.

गुरुवारी सकाळी मॅनेजरसाहेबांनी तिच्या टेबलावर हजेरीचा एक कोरा दाखला ठेवला. तो लांबूचा होता. लाइन तीनवरच्या या उंचाड्या कामगाराची दोन बोटं सोमवारी पुठ्ठा कापायच्या यंत्रात गेली होती. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. पाळी सुटते दोनला. कार्डावर लांबूची बाहेर जायची वेळ होती दोन वाजून तीन मिनिटं.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. माणूस सुटला होता, नंतर स्वतःच्या मर्जीने यंत्रात हात घातला, त्यामुळे अपघात कामावरचा धरता येत नाही. उद्या अकराला विम्याचे अधिकारी येतील. ताईंनी आतली वेळ, बाहेरची वेळ आणि तास लिहून सही करायची. अपघात कामावरचा नाही असं ठरलं की लांबूचे उपचार आणि पुढची नोकरी, दोन्ही त्याचं तो बघेल. हे साहेब बोलले नाहीत, पण तिला कळत होतं.

वजाबाकी पहिलीतल्या पोरालाही जमली असती. तिने पेन उचललं आणि खाली ठेवलं.

कारण तो ठसा लांबूने मारलेलाच नव्हता. एक घड्याळ आणि एकशे वीस माणसं. प्रत्येकाने आपलं कार्ड आपण मारायचं म्हटलं तर शेवटचा माणूस सव्वादोनला बाहेर पडे. नऊ वर्षांपूर्वी लाइनीलाइनीने तोडगा काढला. भोंगा झाला की एकाने आपल्या लाइनीतल्या सहाहीजणांची कार्डं काढून पटापट मारायची, तोवर बाकीच्यांनी हात धुवायचे. नियमाप्रमाणे दुसऱ्याचं कार्ड मारणाऱ्याला घरचा रस्ता. पण तिने खिडकीतून पाहून न पाहिल्यासारखं केलं. शिवाय सगळ्यांची एकच वेळ आल्याने तिची आकडेमोड सोपी झाली होती. ही गोष्ट तिने आजवर कोणाला सांगितली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत बुटका खिडकीशी आला. लाइन तीनची कार्डं तोच मारायचा. तीन दिवसांत त्याचं तोंड उतरून गेलं होतं. सोमवारी भोंगा झाला तेव्हा यंत्रात पुठ्ठा अडकला होता. दुसऱ्या पाळीला अडचण नको म्हणून लांबू तो काढायला मागे राहिला.

"जाताना मला म्हणाला, माझंही मार रे, हात पोचला नाही तर स्टूल घे," बुटका म्हणाला. "मी हसलो, ताई. आणि मारलं." मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "खरं सांगितलं तर मी जाणार. नाही सांगितलं तर तो. तुम्ही काय लिहिणार?"

तिने त्याला कामावर जायला सांगितलं.

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो दोन वर्षांपासून गुडघ्यांमुळे घरीच होता. तुझी नोकरीची तीन वर्षं उरलीत, एवढंच तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, पण लांबूच्या बायकोला तोंड तूच दाखवणार आहेस.

शुक्रवारी अकराला अधिकारी आले. बारीक चणीचे, बोलण्याआधी वही उघडणारे गृहस्थ. साहेबांनी दाखला मागितला. तिने तो दिला नाही. लाइन तीनच्या दोन महिन्यांच्या कार्डांची चळत टेबलावर ठेवली.

"ताई, फक्त तास वाचा," साहेब म्हणाले.

"तास निघत नाहीत, साहेब."

मग ती अधिकाऱ्यांकडे वळली. सकाळच्या वेळा बघा, ती म्हणाली. पाच बावन्न, पाच सत्तावन्न, सहा एक. सहा माणसं सहा तऱ्हांनी येतात. दुपारी मात्र सहाही एकाच मिनिटाला बाहेर. एखाद्या दिवशी जमेल. इथे एकावन्न दिवसांत एकही चुकलेला नाही. ही सहा माणसांची वेळ नव्हे, एका हाताची आहे. आणि लांबू त्या वेळी यंत्रापाशी कामच करत होता.

"कोणाचा हात?" साहेबांनी विचारलं. खिडकीबाहेर बुटका पुठ्ठ्याचा गठ्ठा घेऊन थांबला होता, तो हलला नाही.

"सगळ्याच लाइनी तसं करतात. काढायचं असेल तर वीसजणांना काढावं लागेल," ती म्हणाली. "त्यापेक्षा मला विचारा. नऊ वर्षं मी ते चालू दिलं. माझी बेरीज सोपी होत होती."

साहेबांचा चेहरा लाल झाला. अधिकाऱ्यांनी कार्डं एकेक करून पाहिली. अर्धा तास लागला. मग वहीत लिहिलं. समोरून उलटी अक्षरं वाचायची तिला सवय होती. 'अपघात कामावर असताना.' दाखल्यावर तिने आतली वेळ लिहिली, बाहेरच्या वेळेपुढे 'दोन दहापर्यंत यंत्रावर' असं लिहिलं आणि तासांची जागा मोकळी सोडली. तशी जागा तिने पहिल्यांदाच सोडली होती. खाली सही केली.

अधिकारी गेल्यावर साहेबांनी घड्याळाची किल्ली मागितली. सोमवारपासून यायचं की नाही ते कळवू, म्हणाले. तिने किल्ली काढून दिली.

"हे आठवड्याला दोन मिनिटं पुढे जातं," ती म्हणाली. "सोमवारी मागे घ्यायला सांगा कोणाला तरी."

दोनचा भोंगा झाला. साहेब स्वतः घड्याळापाशी उभे राहिले आणि रांग लागली, जो तो आपलं कार्ड हातात धरून. बुटक्याला दांडीसाठी टाचा उंचवाव्या लागल्या. मागून कोणीतरी स्टूल हवं का विचारलं; कोणी हसलं नाही.

ती रांगेत शेवटची होती. तिच्या कार्डावर दोन वाजून सोळा मिनिटं उमटली. सकाळची वेळ होती पाच पन्नास. अर्धा तास वजा जाता सात तास छप्पन्न मिनिटं, तिने मनात केलं, आणि कार्ड खणात ठेवून फाटकाबाहेर पडली.