ठसका आपल्या दोघींनाबी आला होता

शालन, जरा सरकून बस जवळ. आणि हे पत्र सुनेच्या हातात देऊ नको, तुझं तू वाच. फोनवर माझं नाव दिसलं की "आक्का, तव्यावर भाकरी हाय," म्हणून ठेवून देतीस. तीन वर्षं झाली गं. एकच भाकरी भाजतीयास व्हय?

मी कऱ्हाटी सोडली ती सकाळ माझ्या डोळ्यापुढनं हलत न्हाय. प्रकाशनं गाडी दारात लावली होती. आपल्याकडं कुणी लांब निघालं की हातावर दही घालतात, आणि मी तर अमेरिकेला निघालेली. धाकटी जाऊ म्हणून तो मान तुझा. मी ओट्यावर उजवा हात मोकळा ठेवून उभी राहिले. तुझ्या दाराला आतनं कडी. खिडकीमागं बांगड्या वाजल्या, त्या तुझ्याच. प्रकाश म्हणाला, "आई, चल आता. सहा महिनं राहा, लोकं विसरतील." कोरडा हात घेऊन बसले गाडीत.

सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. हितं बॉस्टनजवळ मी डिशवॉशर लावायला शिकले. रिसायकलचा डबा सोमवारी रस्त्याकडंला नेऊन ठेवती. शेजारीण लांबनं हात हलवती, मीबी हलवती, झालं आमचं बोलणं. तिकडं तू चहात साखर किती टाकलीस ते मला भिंतीपलीकडनं कळायचं.

मागच्या महिन्यात पोरांनी मला सेलम नावाच्या गावाला नेलं. हॅलोविन म्हणून सण असतो, भुताखेतांची सोंगं घेत्यात. म्हटलं, बघू जत्रा. सगळ्या गावात काळ्या टोकदार टोप्या, केरसुण्या, चेटकिणींची चित्रं. पोलिसांच्या गाडीवरसुद्धा चेटकीण. माझी नात सई, अकरा वर्षांची, माझ्या डोक्यावर टोपी ठेवायला लागली. "आजी, घाल ना. फोटो काढू. इथे सगळेच विच असतात." मी टोपी ढकलली, ती खाली पडली. सून म्हणाली, "आई, गंमत असते हो, एवढं काय मनावर घ्यायचं?" तिला काय सांगू? प्रकाश तेवढा टोपी उचलून लांब बघत राहिला.

मग एका हॉलमध्ये जुन्या खटल्याचं नाटक दाखवलं. तीनशे वर्षांमागं त्या गावात बायाबापड्यांना चेटूक करतात म्हणून फाशी दिली. नाटकात बघणाऱ्यांनीच हात वर करून सांगायचं, गुन्हेगार का न्हाय. लोकं हसत हसत हात वर करत होती. सईनंबी केला.

शालन, मला आपल्या बचत गटाची बैठक दिसली. सतरंजीवर बसलेल्या पंधरा-वीस बाया, आणि तू म्हणालीस, "आक्काचा हात लागल्यापासनं माझी नात परी तापानं उठंना." सगळ्या गावाच्या लेकरांची दृष्ट मी काढलेली. त्या दिवसापासनं मला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं.

आणि चौथ्या दिवशी भर दुपारी, परसातनं मागच्या दारानं कोण आलं? परीला पदराखाली झाकून तूच. "आक्का, एकदा उतरून टाक. कुणाला बोलू नको." मी बोलले का काही? मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेतल्या, पोरीवरनं ओवाळल्या, चुलीत टाकल्या. दृष्ट असली की ठसका उठत न्हाय, हे तुला लग्नाच्या वर्षी मीच सांगितलेलं. असा ठसका उठला की आपण दोघी खोकून खोकून पाणी पाणी झालो. म्हणजे दृष्ट नव्हतीच. तू माझ्या तोंडाकडं बघितलंस, पोरगी उचललीस आणि मागच्याच दारानं गेलीस. पुढं बारामतीच्या डॉक्टरनं टायफॉइड सांगितला. परी बरी झाली. बैठकी पुढंबी होत राहिल्या. एकीत तरी तू तोंड उघडलंस का?

मला त्या बैठकीचा राग कमी हाय. लेकराच्या तापात माणूस कायबी बोलतं. त्या ठसक्यानंतरची तुझी मुकी जीभ मला डाचती.

सेलमला त्या मेलेल्यांच्या नावाचे दगडी बाक भिंतीला बसवल्यात. मी एकाच्या कडंला टेकले. सईला विचारलं, "ह्यांच्यावर आळ कुणी घेतला?" तिनं फोनवर बघून सांगितलं, "शेजाऱ्यांनीच, आजी. आणि त्यातली एक मुलगी मोठी झाल्यावर चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहिली. माझं चुकलं म्हणून माफी मागितली." मी म्हटलं, "तवर बाया जित्या होत्या का?" ती म्हणाली, "नाही ना."

मी हाय अजून जिती, शालन.

हितल्या घरालाबी मागचं दार हाय, पण तिथनं कुणी येत न्हाय. पुढच्या दारात पार्सलं येतात. प्रकाश म्हणतो आता हेच घर. पण मला अजून घर म्हटलं की तुझी-माझी मधली ती भिंत आठवती, आणि त्याच भिंतीकडं पाठ करून झोपायची पाळी तू माझ्यावर आणलीस.

संक्रांतीला मी येती. दार उघडून, झाडून-पुसून, सगळ्या गटाला हळदीकुंकवाला बोलावणार हाय. कोण येईल, कोण न्हाय, मला ठाऊक न्हाय. तू ये. परीला घेऊन ये, बायका बसलेल्या असताना ये, आणि ठसक्याचं त्यांना तुझ्या तोंडानं सांग. मागच्या दाराला मी कडी लावून ठेवीन. ह्या खेपेला पुढनं ये, बाई.