टेबलावरचा टँकर

ती घटना आजही आठवते, आणि आठवायला निमित्तही फार लागत नाही. नातवानं फरशीवर खेळण्यातली गाडी सोडली की मी आधी तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघतो, मग त्या बाजूला काय आहे ते बघतो. घरचे हसतात, म्हणतात पोलिसाची खोड जात नाही. खोड पोलिसाची नाही, त्या एका प्रकरणाची आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका लहान ठाण्याचा मी प्रभारी होतो. उन्हाळा टिपेला पोचला होता, विहिरींनी तळ दाखवला होता आणि वस्त्यांवर टँकर चालू होते. अशा दिवसांत ठाण्यात निम्म्या तक्रारी पाण्याच्या रांगेतल्या भांडणांच्या असतात. सकाळची हजेरी झाली, कोठडी पाहिली, स्टेशन डायरीवर सही केली, की मी बाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचो. आत बोलावलं की माणूस घोकून आलेलं बोलतो. झाडाखाली निदान अर्धं तरी खरं बोलतो.

त्या लिंबाखाली एक मेंढपाळ बाई येऊन बसू लागली होती. चकलांब्याकडची. नवरा-बायको मेंढरं घेऊन आमच्या हद्दीत उतरले होते. एका पहाटे नवरा कळप घेऊन वळणाच्या रस्त्याकडे गेला आणि ऊन चढल्यावर मेंढरं एकटीच परत आली. एकही मेंढरू कमी नव्हतं. माणूस तेवढा नव्हता.

आम्ही मिसिंगची नोंद घेतली, शेजारच्या ठाण्यांना कळवलं, दवाखाने पाहिले. माझ्या बीट अंमलदाराचं मत ठरलेलं होतं: भांडून गेला असेल, येईल. ते त्यानं बाईला बोलूनही दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, "मला सोडून गेला आसता येक येळ. मेंढरं सोडून जानारा मानूस न्हाई त्यो."

तिची अडचण सरळ होती आणि तिला उपाय नव्हता. आसपासचा चारा संपला होता, कळप पुढे हलवणं भाग होतं. पण ती हलली आणि तो परत आला, तर तिला शोधणार कुठे? "मेला आसंल तर मेला म्हना साहेब," ती मला म्हणाली. "म्या हितनं उठायचं का न्हाई, येवढंच सांगा." मी मिसिंगची नोंद पुन्हा काढून वाचायचो आणि मला स्वतःचाच राग यायचा.

मेंढपाळ बेपत्ता होऊन पंधरवडा झाला, तेव्हा एक दिवस एक म्हातारे गृहस्थ आले. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले, वळणाच्या रस्त्यावरच्या वस्तीत पत्नीसह राहणारे. ठाणे अंमलदार त्यांचं ऐकून गालातल्या गालात हसत होता, म्हणून मी त्यांना माझ्याकडे बोलावलं.

"चोरी झाली का काका?"

"न्हाई साहेब. उलटं झालंय. माझ्या घरात कुनीतरी येतंय. नेत काहीच न्हाई. येक गाडी ठिवून जातंय."

त्यांनी पिशवीतून जी वस्तू काढून माझ्यासमोर ठेवली, ती मी अजून विसरलेलो नाही. बोटाएवढा खेळण्यातला ट्रक, आणि त्याच्या पाठीवर आडवी ठेवलेली गोळ्यांची गोल बाटली.

आमच्या भागात रेल्वे येणार येणार म्हणत लोकांचे केस पांढरे झाले. या गृहस्थांनी वाट बघणं सोडून ती घरात आणली होती. खिडकीशी एक मोठं टेबल, त्यावर रूळ, बोगदा, स्टेशन, आणि भोवताली आपलाच परिसर. भुसा हिरवा रंगवून केलेलं गवत, काळ्या रांगोळीचा रस्ता, कापसाची मेंढरं. रूळ सोडले तर बाकी सगळं खिडकीतून दिसतं तसं. इंजिन पुण्याच्या मुलानं पाठवलेलं. खरी पंचाईत रस्त्यावरच्या गाड्यांची होती.

"इंजिनाला शोभंल अशीच गाडी पाहिजे," ते मला समजावून सांगू लागले. "जत्रेतली गाडी ठिवली तर ती इंजिनापेक्षा थोराड दिसती. मापातल्या मिळतात त्या सगळ्या परदेशी. काळी-पिवळी कुठून आणू? उसाचा ट्रॅक्टर कुठून आणू?" म्हणून ते परदेशी मोटारी घासून, नेलपॉलिशनं रंगवून आपल्या करून घेत. मला हसू आलं होतं, पण त्यांनी पुढचं सांगितलं आणि ते विरलं.

हा खेळ त्यांचा एकट्याचा नव्हता. पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला होता. वाचा गेली, उजवी बाजू गेली, आणि डावा हातही गेल्यातच जमा होता. खिडकीशी, टेबलाला लागून त्यांची खुर्ची असे. दिवसभर रस्ता बघणं एवढंच त्यांच्या हाती उरलं होतं. तेव्हा काकांनी एक नेम लावला. रोज सकाळी गाड्यांचं ताट त्यांच्यासमोर धरायचं आणि एकेक गाडी उचलून विचारायचं, ही दिसली का? काकूंनी डोळे मिटले की हो. मग कुठे दिसली, तेही बोट फिरवून विचारायचं. दिसली नाही ती गाडी टेबलावर ठेवायची नाही. खोटी गाडी नको, यावर दोघं ठाम.

"पन पंधरवड्यापासून त्या येकाबी गाडीला डोळे मिटंनात," काका म्हणाले. "आन पानी पीत न्हाईत. चमचा तोंडाजवळ नेला की मान फिरवतात. डाळिंबाच्या रसावर हायेत."

त्याच सुमारास तो प्रकार सुरू झाला. काका आंघोळ करून आले, तर टेबलावर टँकर. नातू विसरून गेलेला प्लॅस्टिकचा, जत्रेतला, मापात न बसणारा. जुन्या खडीच्या खाणीकडे जाणाऱ्या वाटेवर, खाणीकडे तोंड करून. त्यांनी तो उचलून खिडकीखालच्या खोक्यात टाकला. दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन आले, तर पुन्हा तिथेच. असं होत राहिलं. शेवटी वैतागून त्यांनी तो बाहेर उकिरड्यावर फेकला. त्यानंतर टँकर आला नाही. त्याच वाटेवर, त्याच दिशेला तोंड करून, हा ट्रक उभा होता, पाठीवर बाटली घेऊन.

"बाहेरचं काही आसंल तर सांगा," ते हळूच म्हणाले. "मी मानत न्हाई. पन घरात बसवत न्हाई आता."

खरं सांगतो, भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण कुणीतरी टँकर बनवू पाहत होतं, आणि टँकर काढून घेतल्यावर हाताला लागेल त्यातून बनवू पाहत होतं, हे कळायला विश्वास लागत नाही. बाटली कुणाच्या गोळ्यांची, एवढंच मी विचारलं. काका म्हणाले, "त्यांच्याच. त्यांच्या खुर्चीशेजारच्या फळीवरची."

मी हवालदाराला घेऊन गणवेश न घालता त्यांच्या घरी गेलो. काकू खिडकीकडे बघत होत्या. मी नमस्कार केला, त्यांनी नजर वळवली. एवढे स्थिर डोळे मी क्वचित पाहिले आहेत. डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. मी खाली बसून तो हात नुसता पाहिला. नखांत हिरवा भुसा होता.

काकांना दाखवला, तर त्यांनी काकूंचा हात आपल्या हातात घेतला. "म्या रोज हात पुसतो ह्यांचे," ते म्हणाले. "म्हनलं माझ्याच हाताचा लागला आसंल." ताट धरायचं काम आपलं, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की काकूंकडे स्वतःचा हात उरला असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि ताटात टँकर कधी नसायचाच, कारण मापातला टँकर त्यांना मिळाला नव्हता. ज्या गाडीबद्दल विचारलंच जात नाही, तिला डोळे तरी कसे मिटणार?

मी गाड्यांचं ताट मागवलं. सगळ्या गाड्या दाखवल्या, डोळे उघडेच. बाटलीचा ट्रक धरला, डोळे मिटले. खाणीच्या वाटेवर ठेवला, मिटले. तिकडे कुठलीही वस्ती नाही, पाणी पोचवायला कुणी नाही, हे मला आणि हवालदाराला एकदमच आठवलं. मग मी कापसाच्या मेंढरांपैकी एक उचललं. मिटलेले डोळे बराच वेळ उघडले नाहीत, आणि पापण्यांखालून पाणी आलं.

मी विचारलं, "काकू, आता काय करू?"

तो हात हलला. मांडीवरून टेबलावर यायला त्याला इतका वेळ लागला की हवालदार मदतीला पुढे झाला, मी त्याला अडवलं. बोटांनी ताटातली पोलिसांची जीप ओढली, रांगोळीच्या रस्त्यावरून फरफटत नेली आणि खाणीच्या काठाशी सोडली.

त्याच दुपारी आम्ही पंच घेऊन खाणीवर गेलो. तळाशी हिरवट पाणी साचलं होतं. पट्टीच्या पोहणाऱ्यांनी मेंढपाळाला बाहेर काढलं, कमरेला दगड बांधलेला. मृतदेह शवविच्छेदनासाठी अंबाजोगाईला पाठवला. बाईनं पायातल्या वहाणांवरून ओळखला. ती रडली नाही. मेंढरांच्या दिशेला बघत म्हणाली, "वाट बघायची न्हाई आता."

टँकर शोधायला कष्ट पडले नाहीत. त्या वस्तीवर एकच खासगी टँकर यायचा. चालक चाळिशीचा, हसतमुख, लोकांच्या उपयोगी पडणारा. पत्नी अंथरुणाला म्हणून काकांच्या घरातला पिंप तो स्वतः आत येऊन भरून द्यायचा. ठाण्यात आणल्यावरही त्याचा तोल ढळला नाही. "खानीकडं म्या कावून जाऊ साहेब? तिकडं कुनाला पाजायचंय पानी?" माझ्या माणसांनी उलटसुलट विचारून पाहिलं, उत्तर तेच. अट्टल माणूस चुकतो तो तपशिलात. हा तपशीलच देत नव्हता.

मी सगळ्यांना बाहेर पाठवलं. त्याला चहा दिला आणि एकही प्रश्न न विचारता तो बाटलीचा ट्रक टेबलावर ठेवला, त्याच्याकडे तोंड करून. माझा अंदाज एवढाच होता की पिंप भरताना त्यानं ते टेबल पाहिलं असणार.

कप त्याच्या हातात राहिला. "ही हितं कशी आली?" तो म्हणाला. मी माझा चहा ढवळत राहिलो. चौकशीत गप्प बसता येणं हे शिकायला मला निम्मी नोकरी लागली.

"म्या काढली व्हती साहेब," तो पुटपुटला. "टाकीवाली गाडी व्हती पैल्यांदा. खानीच्या वाटंवर. म्हाताऱ्याची नजर चुकवून दोनदा उचलून तिकडं ठेसनावर ठिवली. दुसऱ्या दिशी परत तिथंच. मंग ही बाटलीवाली आली. घरात तर कुनी न्हाई. म्हातारी तर मेल्यावानी. मला वाटलं त्योच करतोय."

"तो म्हणजे कोण?"

त्यानं तोंड झाकून घेतलं. मग सगळं आलं. पहाटे वळणावर धडक बसली. माणूस खाली पडला, मेंढरं पांगली. दवाखान्यात न्यायचं म्हणून त्यानं त्याला केबिनमध्ये घेतलं. "इव्हळत व्हता," तो म्हणाला, "मंग गप झाला. मला वाटलं मेला. नीट बघायचं धाडस झालं न्हाई." आणि टँकर दवाखान्याकडे न वळता खाणीकडे वळला. खिडकीतल्या बाईनं तो जाताना पाहिला, येताना पाहिला, आणि ऊन चढल्यावर त्याच माणसानं घरात येऊन पिंप भरला. त्या पाण्याचा घोट तिच्या घशाखाली कसा उतरणार? तो पाणी खाणीतून नव्हे, दूरच्या विहिरीवरून भरत होता, हे तिला कोण सांगणार होतं.

पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात टिकत नाही. पण त्यानं पंचांसमोर रस्त्याखालच्या एका मोरीतून मेंढपाळाचं घोंगडं आणि काठी काढून दिली, केबिनमध्ये रक्ताचे डाग मिळाले. मुक्या माणसानं खुणेनं दिलेली साक्ष कायदा मानतो. काकूंची साक्ष न्यायाधीशांसमोर ताट धरूनच झाली. आरोपीच्या वकिलांनी मध्ये मुद्दाम लाल बस दाखवली. काकूंनी डोळे उघडे ठेवले आणि त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी बस खाली ठेवली. शिक्षा झाली.

शिकलो काय, असं लोक विचारतात. एवढंच की साक्षीदार गप्प आहे असं लिहिण्याआधी आपण त्याच्यापुढे धरलेल्या ताटात काय काय नाही, ते बघावं. आमच्याही ताटात 'भांडून गेला असेल' एवढंच होतं.

निवृत्तीनंतर एकदा वडवणीला एका लग्नाला गेलो होतो, येताना वळणावर थांबलो. काकू तशाच खिडकीशी. पाणी पितात आता, काकांनी सांगितलं. टेबलावर बऱ्याच नव्या गाड्या आल्या होत्या, मापातला एक टँकरही मुलानं शोधून पाठवला होता, तो ताटातच होता. खाणीच्या काठाशी मात्र ती पोलिसांची जीप अजून उभी होती, चाकांवर धूळ साचलेली.

मी म्हटलं, "काका, हिचं काम झालं की. आज तर इथे कुठलीच जीप आलेली नाही. तुमचा नेम मोडतोय."

"म्या उचलाया गेलतो येकदा," ते म्हणाले. "ह्यांनी हात धरला." मग त्यांनी सांगितलं, "ती मेंढरंवाली दरसाल येती ह्या वाटंनं. आत येऊन बसती ह्यांच्याजवळ. तीबी म्हनली, राहू द्या. पैल्या दिवशी कुनी गेलं न्हाई, आता तरी कुनी आसू द्या तिथं."

मी रुमालानं जीपची चाकं पुसली आणि ती होती तिथेच ठेवली. काकूंनी डोळे मिटले.