नानांची पाण्याची बारी

रामदासनानांना मी फसवलं. त्यांनी मला नव्हे, मी त्यांना. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. नानांनी मला उन्हाळ्यात कसं नाडलं, ते मात्र गावाला शंभरदा ऐकवलंय. आवाज चढवून.

आधी माझं ऐका. दिंडोरीच्या अलीकडे आमचं वावर. मी सुरुवात केली ती नाशिकच्या गल्ल्यांतून डोक्यावर मेथीची पाटी घेऊन. पुढे जमीन घेतली — स्वतःच्या हिमतीवर, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. आमच्याकडे हिवाळा असा की अंगावर घोंगडी लागते, पण झाडाला काही होत नाही. वांगी, मिरची, घेवडा, टोमॅटो — बारा महिने वावर हिरवं. लोक एका पिकावर थांबत. मी एक काढताना दुसऱ्याची रोपं तयार ठेवायचो. बाजारात माझ्याशी भाव करताना व्यापाऱ्याच्या कपाळाला घाम यायचा. हे खोटं नाही. खोटं पुढे आहे.

नानांची आणि माझी विहीर सामाईक, मोटरही एकच. पाणी बारीनं घ्यायचं. आणि नियम असा — ज्याच्या बारीत लाईट जाईल, त्याची बारी गेली. लाईट आली की पाणी दुसऱ्याचं. नियम नानांनीच घातलेला. त्या उन्हाळ्यात लागोपाठ दोनदा माझ्याच बारीत लाईट गेली. वांग्याची फुलं गळायला लागली. मी, कुणापुढे न वाकणारा माणूस, नानांकडे गेलो. तासभर पाणी मागितलं.

"नियम म्हंजे नियम, दत्तू," नाना म्हणाले. "उद्या माझी बारी गेली तर मी तुझ्याकडं मागंन का?"

वांगी गेली. ते वाक्य मी विसरलो नाही. विसरावं का?

मग ती थंडी आली. पौषातली. वाराच नाही, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, दुपारीही ऊन लागेना. असं आमच्याकडे क्वचितच होतं, पण जाणत्याला कळतं — पहाटे दहिवर गोठणार, आणि टोमॅटो त्यात टिकत नाही. उपाय एकच: संध्याकाळी रान भिजवायचं. विहिरीचं पाणी उबदार असतं, ओली माती रात्रभर ऊब धरते. दोघांचाही टोमॅटो फळांनी लगडलेला. आणि बारी नानांची.

नाना मोटर चालू करून पलीकडे दारं धरायला, सरीसरीत पाणी वळवायला गेले. पाणी त्यांच्या पहिल्या सरीत शिरलं. मी मोटरीच्या खोलीजवळ उभा — का उभा होतो मी तिथं? माझी बारी नव्हती, माझं काम नव्हतं. तुम्ही ओळखलं असेलच. सांगतो तरी.

मी खटका पाडला, फ्यूज काढले आणि बंडीच्या खिशात टाकले.

मोटर थांबली. नाना चिखलाच्या पायांनी धावत आले, दाराबाहेरचं दिव्याचं बटण दाबलं. अंधार.

"गेली का रं?"

"गेली, नाना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दार अडवून उभा. वाटलं, आता मागतील. मागितलं असतं तर दिलं असतं का मी? नसतं दिलं. मला फक्त त्यांचं मागणं ऐकायचं होतं! तेही त्यांनी ऐकू दिलं नाही.

"माझी बारी गेली," ते म्हणाले. "लाईट आली तर तू भिजवून घे. गारठा लय हाय."

ते घराकडे वळले, दिसेनासे झाले. मी फ्यूज बसवले आणि माझं रान भिजवलं. पहाटे नानांनी बांधावर पालापाचोळा पेटवला, धुरानं तरी वाचेल म्हणून. तो धूरही उतारानं माझ्याच वावरात आला.

सकाळी गवत पांढरं. नानांचा टोमॅटो उकडल्यासारखा काळा पडून माना टाकलेला. माझा — हिरवागार! काय सांगू? नाशिकच्या बाजारात माझी गाडी शिरली तेव्हा दुसरीकडे लाल फळ दिसेना. ज्यांनी मला पाटीवाला म्हणून हिणवलं होतं, ते गाडीमागे चालत आले. "दत्तूशेठ, थांबा की वो!" मी थांबलो नाही. त्यांना बाजाराच्या टोकापर्यंत चालवलं, मग करंड्या उघडल्या. आजही ती सकाळ आठवली की छाती फुगते. लाज मागून येते, पण आधी छातीच फुगते. पोरं विचारायला आली, "थंडीत माल कसा राखला?" मी ओट्यावर बसून शिकवलं. त्याच जोरावर पुढच्या वर्षी आणखी एक रान घेतलं.

आणि नाना? ते वायरमनशी भांडायला गेले. तो शपथेवर म्हणाला, त्या संध्याकाळी शेताच्या लाईनची लाईट गेलीच नव्हती. भर चौकात नानांनी त्याची गचांडी धरली.

"खोटारड्या! अरे, दत्तू होता तिथं. इचार त्याला."

सगळे माझ्याकडे वळले. सौद्यात ज्याची जीभ कधी अडली नाही, त्या मी काय केलं? मान हलवली. नानांच्या बाजूनं. वायरमन खोटा ठरला. पुढे कितीतरी दिवस पोरं त्याच्या मागे "खोटारडा" ओरडायची. नानांनी पुन्हा टोमॅटो लावला नाही. बाजरी पेरायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझं वावर दाखवायचे — "ह्याला म्हणत्यात भाजी." गेले तेव्हाही त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

वांग्यांचा राग मला अजून आहे. त्यानं यातलं काही फिटत नाही.

त्या चौकात मी नेहमी ओरडत आलोय — ज्यानं नाडलं त्यानं पुढे येऊन जाब द्यावा. मग यावं की पुढे. दत्तूशेठ, इकडे उभे राहा. चौकातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, त्या संध्याकाळी लाईट गेली होती का?

नव्हती गेली. माझ्या खिशात होती.