राहेलची लेआ केली तेव्हा

लग्नाला पुरता एक दिवसही झाला नव्हता, आणि मी तांदळाच्या ताटात बोट घालून बायको घालवायच्या बेताला आलो होतो.

पन्नास-बावन्नच्या सुमाराची गोष्ट. अंबरनाथच्या आमच्या चाळीत ज्यू म्हणजे आमचं एकट्याचंच बिऱ्हाड. बोलणं-भांडणं सगळं मराठीत, हिब्रू फक्त प्रार्थनेपुरतं, तेही नुसतं पाठ (अर्थ देवाला ठाऊक!). बायकोचं नाव राहेल. लग्नात आमच्या धर्मगुरूंनी, म्हणजे हज्जानसाहेबांनी, कौतुकानं सांगितलं, "हिब्रूत राहेल म्हणजे मेंढी." झालं! कारखान्यातल्या माझ्या दोस्तांनी जेवणाच्या पंगतीत जे 'बेंऽऽ बेंऽऽ' सुरू केलं, ते ताक संपेपर्यंत थांबेना.

दुसऱ्या दिवशी सासरे राहेलला पोचवायला चाळीत आले. शेजारच्या जानकीकाकू तांदळाचं ताट घेऊन दारात हजर!

"शालोमभाऊ, अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहा. आमच्यात बदलतात."

आमच्यात नाही बदलत. पण ही संधी सोडतो कोण? निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी शिंप्याकडून शिवलेल्या कोटाच्या बाह्या मागे सारल्या आणि झोकात लिहिलं, 'लेआ'. आई दर शुक्रवारी माझ्या बहिणींना प्रार्थनेतला आशीर्वाद देताना त्यातल्या 'राहेल'च्या मागोमाग हे नाव घ्यायची, एवढंच मला माहीत.

"अगबाई, गोड आहे! अर्थ काय हो?"

"अर्थ? चंद्रकोर!" मी ठोकून दिलं.

पदराआडून राहेल म्हणाली, "थकलेली."

"काय?"

"लेआ म्हणजे थकलेली. आणि ती कोण, माहितीय? आपल्या धर्मग्रंथातली राहेल मिळावी म्हणून याकोबानं सात वर्षं सासऱ्याकडे राबून काढली, आणि सासऱ्यानं पदराआडून तिची थोरली बहीण लेआ त्याच्या गळ्यात बांधली!"

सासरे लालबुंद झाले. "म्हणजे मीही फसवून मुलगी दिली, असं म्हणायचंय तुम्हाला, जावईबापू?"

"नाही हो मामा, मी आपलं…"

"राहेल, उचल ट्रंक. परत जाऊ!"

तिनं खरंच ट्रंकेला हात घातला. मला ती फार आवडली होती हो! घाईघाईनं नाव पुसायला ताट हलवलं, तर निम्मे तांदूळ सासऱ्यांच्या बुटात!

"अगं, मग पुढं याकोबानं काय केलं?" काकूंना गोष्टीचीच पडलेली.

"राहेलसाठी आणखी सात वर्षं राबला," राहेल माझ्याकडे रोखून बघत म्हणाली.

"आमच्या भाऊंना कारखान्यातून रजा नाही मिळायची," काकूंनी निवाडा दिला. "त्यांनी उखाणा घ्यावा. अर्थासकट!"

तोवर सगळी चाळ दारात जमली होती. मी घसा खाकरला.

"राहेलच्या हातावर रंगली लाल मेंदी,
ती घरची धनगरीण, मी तिची मेंढी!"

सासरे आधी खोकले, मग बुटातले तांदूळ झटकत खदखदा हसले. राहेल मात्र हसली नाही. उंबरा ओलांडून आत जाता जाता म्हणाली, "येताना ट्रंक घेऊन या."

घेतली. कंबर मोडायची वेळ आली! उघडून बघतो तर आत तिच्या आजोबांची हिब्रू पुस्तकं, काठोकाठ. तेव्हापासून आमच्या घरात कुठल्याच शब्दाचा अर्थ मला कोणी विचारत नाही. मला एकच शब्द अर्थासकट येतो असं राहेल सगळ्यांना सांगते : 'हो'.