टरबुजांवर घातलेलं छप्पर

बेट म्हटलं की लोकांना निळा समुद्र आणि नारळाची झाडं आठवतात. मला उसाच्या पाचटाची खोपी आठवते. सोनपेठच्या बाजूला गोदावरी उन्हाळ्यात दोन धारांत फुटते आणि मधे वाळूचा लांबट पट्टा वर येतो. पौषापासून वैशाखापर्यंत तो पट्टा आमचा असायचा. आमचा म्हणजे सातबाऱ्यावर नव्हे. आजोबांपासून आम्ही तिथं टरबुजं लावत आलो, एवढाच काय तो हक्क.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. वाळूत हातभर खड्डा करायचा, ओल लागली की शेणखत घालून बी टाकायचं, हे काम सगळेच करत. आबांचं खरं काम फळ धरल्यावर सुरू व्हायचं. टरबूजही उन्हानं भाजतं. वरची बाजू पांढरी पडते, आतला गर शिजतो, आणि तसलं फळ व्यापारी हातातसुद्धा धरत नाही. म्हणून आबा एकेका टरबुजावर पाचट घालत, वाऱ्यानं सरकलं तर पुन्हा सारखं करत. पाळण्यातल्या लेकराचं दुपटंही कुणी इतक्या वेळा सारखं करत नसेल.

माझी बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात मी त्यांच्यासोबत बेटावर राहायला गेले. आई सांजेला गुडघाभर धार ओलांडून भाकरी घेऊन यायची. दुपारी करायला काहीच नसायचं. खोपीत आडवी पडून मी पलीकडचा काठ बघायची. बाराच्या पुढं तो काठ जमिनीवरून सुटायचा आणि हवेत हलायला लागायचा. त्यावरच्या शेळ्यांना पाय नसायचे. थोड्या वेळानं वाटायचं, काठ नाही, आपलंच बेट सुटलंय आणि अलगद कुठंतरी निघालंय. खरं सांगते, मला ते फार आवडायचं. ऊन माणसाला मारतं हे ऐकून माहीत होतं. ते इतकं सुंदर असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी मोबाइलवर संदेश आला. उष्णतेची लाट आहे, बारा ते चार बाहेर पडू नका. मी मोठ्यानं वाचून दाखवला.

"बाहीर म्हंजी कुठं?" आबा म्हणाले. "आपन आत हाव तरी कुठं?"

दोघंही हसलो. त्यांचं हे असंच. कुणी शहाणपण शिकवायला आलं की चिमटा काढून मोकळे.

त्याच दुपारी वावटळ आली. खालच्या अंगानं गरगरत वर आली, टरबुजांच्या वाडीतून सरळ निघाली आणि ओळीच्या ओळी उघड्या करून सगळं पाचट धारेत नेऊन टाकलं. तोडणीला आठ दिवस उरले होते. हिरवीगार फळं डोक्यावरच्या उन्हात चकचकत पडली. आबा क्षणभर उभे राहिले. मग खोपीकडे गेले आणि छप्पर उसकटायला लागले.

"आबा, छप्पर कामून काढायलाव?"

"सांजच्याला परत घालू. आपल्याला हात हायेत, डोस्कं झाकता येतं. त्याहीला कोन झाकनार?"

 मी पाचटाच्या कवळ्या उचलून त्यांना देत राहिले. दोघांनी मिळून बेटावरची एकुलती एक सावली टरबुजांना वाटून टाकली. शेवटचं फळ सगळ्यात मोठं होतं, आणि पाचट संपलं होतं. त्याच्यावर आबांनी डोक्याचं उपरणं सोडून घातलं.

तोवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. आबांचा सदरा आधी घामानं भिजला, मग वाळला, आणि पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उठल्या.

"घाम बी आटला," ते म्हणाले. "आता गार वाटायलंय."

मलाही बरं वाटलं. देठाजवळचा ताणा वाळला की फळ पिकलं, हे आम्हा दोघांना झोपेतही कळायचं. माणसाचा घाम वाळला की काय समजायचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळानं ते नदीकडे बोट दाखवून म्हणाले, "पानी सुटलं बघ धरनाचं. उचल बाई, टरबुजं उचल." मी बघितलं. चारी बाजूंनी पाणी चमकत आमच्याकडं येत होतं. एक क्षण मीसुद्धा वाकले, खरंच फळ उचलायला. मग लक्षात आलं की पाण्याचा आवाजच नाही. मागं वळले तर आबा वेलांमधे गुडघ्यावर बसले होते आणि हळूहळू आडवे होत होते.

अंगाला हात लावला तर तवा. कोरडं, घामाचा थेंब नाही. मोबाइल तापून बंद पडला होता. खोपीचे नुसते कूड उभे होते, आणि डोक्यावर सूर्य असताना कुडाची सावली वीतभरही पडत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी वाळूत खणलेला आमचा झिरा दहा पावलांवर होता. काखेत हात घालून मी त्यांना तिथवर ओढलं, वरची वाळू उपसून ओल्या वाळूत निजवलं, घागरीनं पाणी ओतत राहिले. मोठ्या टरबुजावरचं उपरणं ओढून आणलं आणि येताना त्या फळाला लाथ घातली. राग आला होता मला. टरबुजाचा, बापाचा, आणि पाचट उचलून देणाऱ्या स्वतःचाही. तो अजून पुरता गेलेला नाही.

मग घसा फाटेस्तोवर ओरडले. पलीकडं वाळूचा ट्रॅक्टर भरत होता. नदी पोखरतात म्हणून आबा त्या लोकांना हंगामभर शिव्या घालायचे. तेच धावत आले, त्यांनीच आबांना उचललं आणि ट्रॉलीत ओल्या पोत्यांवर निजवून दवाखान्यात नेलं.

रात्रभर सलाईन आणि बर्फ चालला होता. आई उशाशी बसून होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी नीट डोळे उघडले. ते टरबुजांचं विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी ते विचारलंच नाही. 

"बाई," ते म्हणाले, "छप्पर काढल्यावर तू कुठं व्हतीस?"

माझ्या तळपायांना फोड आले होते. मी पाय स्टुलाखाली ओढून घेतले.

"सावलीत व्हते की."

कुठल्या सावलीत, हे त्यांनी विचारलं नाही. "बरं केलंस," म्हणाले आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. आईला वाटलं, त्यांना झोप लागली. मला त्यांचे हलणारे खांदे दिसत होते.