सात आऱ्यांचं बटण

निळी सात वर्षांची होती तेव्हा तिने दाराआडून एक भांडण ऐकलं. भांडण आईवडिलांचं, आणि विषय काय, तर वडिलांच्या कोटाचं एक बटण.

"बटण मी खाल्लं का?" आई विचारत होती.

"खाल्लं नाहीस, पण नीट शिवलंही नाहीस."

"चांगलं चार पदरी दोऱ्याने शिवलं होतं. तुमच्या पोटाने त्याला राहू दिलं नाही."

"माझ्या पोटावर जाऊ नकोस!"

"मी कुठे जातेय? तेच पुढे पुढे जातंय."

वडील कोटाला सेफ्टी पिन लावून तरातरा कामावर गेले. त्यानंतर अकरा दिवस दोघं एकमेकांशी मांजरामार्फत बोलत होती. "मने, त्यांना सांग, पान वाढलंय." "मने, तिला सांग, मीठ कमी आहे." मनी बिचारी एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. शेवटी कंटाळून शेजाऱ्यांकडे राहायला गेली, तेव्हा कुठे घरात बोलणं सुरू झालं.

आणि बटण? ते सगळा वेळ निळीच्या मुठीत होतं. पलंगाखाली सापडलं होतं. द्यायचंच होतं तिला. पण भांडण तोवर एवढं मोठं झालं, की त्याच्यासमोर हे एवढंसं बटण धरायची तिला लाज वाटली. शिवाय दोघं मिळून आपल्यालाच धरतील ही भीती. मूठ काही उघडली नाही. बटण निळ्या रंगाचं होतं. तिचं निळी हे नाव त्याच्यावरूनच पडलं, पण ते पन्नास वर्षांनी.

मोठेपणी ती एका लाँड्रीत कामाला लागली. लॉजच्या चादरी, ब्लँकेटं, दवाखान्यांचे पडदे असं ढिगाने यायचं. मशीन थांबलं की खालची जाळी ओढून काढायची आणि तिच्यातला ओला लगदा बोटांनी सोडवायचा, हे तिचं काम. त्यात केसांच्या पिना सापडत, एकदा तर दातांची अर्धी कवळी सापडली, आणि बटणं तर रोजचीच. बाकीच्या बायका बटणं केरात टाकत. निळी ती धुऊन, पुसून बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. टाकायला तिचा हात धजायचा नाही. कोण जाणे, कुणाच्या घरी मांजर निरोप पोचवत असेल.

डबे सात झाले तेव्हा सुनेने कपाळाला हात लावला आणि सासूच्या हातात फोन दिला.

"आई, हे बघा. तुमच्यासारखे आणखी आहेत."

"माझ्यासारखे म्हणजे?"

"म्हणजे... बटणवाले."

"जपून बोल हं."

ग्रुपचं नाव होतं 'एकुलती एक'. ज्या बटणाची जोडी उरलेली नाही, अशा बटणांचा ग्रुप. नियम कडक. बटण पांढऱ्या कागदावर ठेवायचं, शेजारी आगकाडी ठेवायची, म्हणजे आकार कळतो. आपला चेहरा दाखवायचा नाही, नाव सांगायचं नाही, आणि सकाळी फुलांची चित्रं पाठवणाऱ्याला त्याच दिवशी नारळ. पहिलं बटण जसं असेल तसं माणसाचं नाव. निळीने वडिलांच्या बटणाचा फोटो पाठवला, मांजराची हकिगतही लिहिली, आणि ती निळी झाली.

सुरुवातीला दोनशे माणसं होती. वर्षभरात नियमांनी आणि कंटाळ्याने गाळून चार उरली. एक निळी. दुसरी शिंपली, दातांच्या दवाखान्यात पेशंटांचे नंबर लावणारी, आत डॉक्टरांचं यंत्र सुरू झालं की लिहायची, "थांबा, पेशंट ओरडतोय, पाच मिनिटांत येते." तिसरा लाकडी, लिफ्ट दुरुस्त करणारा, जो स्वतःच लिफ्टमध्ये अडकायचा आणि निवांत वेळ मिळाला म्हणून खूश व्हायचा. चौथा पितळ्या, लांब पल्ल्याची बस चालवून निवृत्त झालेला.

पितळ्याचं दुःख मोठं होतं. त्याच्या गणवेशाच्या कोटाला सहा पितळी बटणं, प्रत्येकावर आठ आऱ्यांचं चाक. पण पोटावरच्या बटणाचा साचा चुकला होता, त्याच्या चाकाला आरे सातच. नेमकं तेच हरवलं. कुठल्याशा लॉजमध्ये कोट घालूनच झोपला होता, तिथे. गाव आठवत नाही. तेव्हापासून कोट खुंटीवर.

"दुसरं लाव की," लाकडी म्हणायचा.

"सात आऱ्यांचं आणून दे, लावतो."

मग रोज सकाळी पावणेआठला पितळ्या विचारायचा, "कुणी पाहिलं का?"

"नाही," शिंपली.

"नाही," लाकडी.

"नाही," निळी, लाँड्रीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसून.

हे झाल्याशिवाय दुसरं बोलायचं नाही. झालं की मग शिंपलीचा गुडघा, लाकडीच्या बायकोचा अबोला, सगळं निघायचं. निळीचा नवरा गेला तेव्हा चार सकाळी तिचं "नाही" आलं नाही. सुनेनेच ग्रुपवर कळवलं, विचारल्यावर पत्ताही दिला. पाचव्या दिवशी घरी तीन पाकिटं आली. प्रत्येकात शर्टाचं एकेक साधं पांढरं बटण. नवऱ्याच्या शर्टाचं वरचं बटण नेहमी तुटलेलं असतं, अशी तक्रार तिने कधीतरी केली होती. तिने ती तिन्ही एकाच शर्टाला लावली, एकाखाली एक, आणि मग पोटभर रडली. सहाव्या दिवशी पावणेआठला लिहिलं, "नाही."

अशी सात वर्षं गेली. एका रविवारी सून तिच्या फोनमधले जुने फोटो दोन बोटांनी मोठे करून बघत होती.

"आई, या टिकलीएवढ्या बटणापेक्षा तुमच्या बाहीवरचं बटण किती छान आहे!"

"कुठल्या बाहीवरचं?"

"कामावरच्या कोटाच्या. हे काय, प्रत्येक फोटोत आहे. पितळी, चाकाचं. अय्या, पण याला आरे सातच!"

निळीने कोट आणून बाही डोळ्यांजवळ धरली. ग्रुपमध्ये यायच्या आधल्याच आठवड्यात बाहीचं बटण तुटलं होतं. तिने न बघताच डब्यातलं हाताला लागेल ते टाकलं होतं. लॉजच्या ब्लँकेटातून निघालेलं. सात वर्षं ती त्याच हाताने आगकाडी ठेवत होती, त्याच हाताने "नाही" लिहीत होती.

"मग कळवा ना त्यांना," सून म्हणाली.

"आणि उद्या पावणेआठला आम्ही काय बोलायचं?"

"नमस्कार म्हणा."

"नमस्कारावर माणसं किती दिवस टिकतात गं!"

तिने मूठ पुन्हा मिटली. दुसऱ्या दिवसापासून फोटोसाठी डाव्या हाताने आगकाडी ठेवू लागली. बटणं वाकडी, कागद चुरगळलेला. "हात दुखतोय का?" शिंपलीने विचारलं. निळीने "हो" लिहिलं आणि दिवसभर खरंच हात दुखला.

तेवढ्यात पितळ्याच्या मुलीचं लग्न ठरलं.

"मी जाणार तर त्याच कोटात," पितळ्याने जाहीर केलं. "नाहीतर बाहेर बाकावर बसून राहीन."

"अरे, नवा कोट घे!" लाकडी.

"घेईन. पण तो मला ओळखतो कुठे?"

निळीने ताट बाजूला सारलं. बापाने लेकीच्या लग्नात बाहेर बाकावर बसायचं, तेही आपल्या बाहीमुळे. एकदा मूठ उघडली नव्हती तर घर अकरा दिवस मांजराच्या जिवावर चाललं होतं. शुक्रवारी तिने कात्रीने बटण कापलं, पाकिटात घातलं आणि चिठ्ठी लिहिली: "सापडलं. माझ्याच बाहीवर होतं. माफ कर, नाहीतर मांजर पाळ."

आठवडाभर पितळ्याचा पत्ता नाही. मग लग्नाच्या सकाळी फोटो आला. कोट, कोटावर सात आऱ्यांचं बटण, आणि बटण व काज यांच्यामध्ये दोन आगकाड्या आडव्या, टोकाला टोक लावून.

"शिवलं," खाली लिहिलं होतं. "पोचत नाही. इतकी वर्षं बटणावर ढकललं, आता पोट उघडं पडलं. कोट उघडाच घालून निघालो."

"पण निळे, तुझ्या बाहीवर आहे हे तुला खरंच माहीत नव्हतं?" शिंपलीने विचारलं. "मला चौथ्या वर्षी दिसलं होतं."

"मला दुसऱ्या," लाकडी म्हणाला. "लिफ्टमध्ये अडकलो होतो. फोटो बघण्याशिवाय करणार काय?"

"मला पहिल्याच फोटोत," पितळ्या. "माझं बटण मला दिसणार नाही?"

"मग मेल्या, बोलला का नाहीस?" निळी लाँड्रीत एकटीच मोठ्याने ओरडली आणि मग तेच टाइप केलं.

"मला वाटलं, तुला आवडलंय. आणि निवृत्त माणसाने पावणेआठला उठून करायचं काय?"

दुसऱ्या दिवशी पावणेआठ वाजले. कुणी काही विचारलं नाही. कुणीतरी लिहितंय असं फोनवर दिसायचं, पुसून जायचं. पुढचा दिवस तसाच, त्याच्या पुढचाही. शिंपलीने "नमस्कार" लिहिला, त्यावर लाकडीने "नमस्कार" लिहिला, आणि संपलं. निळी सुनेला म्हणाली, "बघ, सांगितलं नव्हतं?" आणि जाळीतला लगदा सोडवत बसली. त्यात चांगली दोन बटणं होती. ती तिने उचललीसुद्धा नाहीत.

सातव्या सकाळी फोन वाजला. पितळ्या.

"कोटाचं बटण पडलं. कुणी पाहिलं का?"

"नाही," शिंपलीने लगेच लिहिलं. आणि खाली फोटो पाठवला: पांढरा कागद, आगकाडी, कुठलंसं गुलाबी बटण. कागदाच्या कडेला, नंबरांच्या वहीवर, सात आऱ्यांचं पितळी बटण आरामात बसलेलं. पितळ्याने ते कापून तिला पोस्टाने पाठवलं होतं.

"नाही," लाकडी.

निळीने फोटो दोन बोटांनी मोठा केला, डोळे पुसले, पदर सारखा केला आणि लिहिलं, "नाही. कुठे गेलं असेल बाई!"

मग शिंपलीच्या गुडघ्याची चौकशी झाली.

तेव्हापासून बटण चौघांत फिरायला लागलं. तीन महिने एकाकडे, मग शुक्रवारी पोस्टाने पुढे. ज्याच्याकडे असेल त्याने ते फोटोत कुठेतरी दिसेल असं ठेवायचं, बाकीच्यांनी ते न बघता शोधायचं. सोबतची चिठ्ठी ठरलेली. असं सहा वर्षं चाललं. पितळ्याला नातू झाला, लाकडीची बायको बोलायला लागली आणि मग थांबेना, शिंपलीचा गुडघा बदलला. बटण सात आऱ्यांचं ते सात आऱ्यांचंच.

निळीचे तीन महिने भरले, शुक्रवार आला. बटण पाठवायची ही आपली शेवटची खेप, हे तिला ठाऊक नव्हतं, पोस्टातल्या बाईला नव्हतं, बटणाला तर नव्हतंच. बाहीवरून तिने ते कात्रीने कापलं, कागदात गुंडाळलं, पाकिटावर शिंपलीचा पत्ता घातला. सुनेला म्हणाली, "दूध मंद ठेवलंय, लक्ष ठेव," आणि जिन्याच्या कठड्याला धरत उतरली.

"मावशी, आत काय आहे?" पोस्टातल्या बाईने विचारलं, दर वेळी विचारायची तसं.

"बटण."

"पुन्हा?"

"पुन्हा कुठे? तेच."

तिने तिकीट स्वतः चिकटवलं, तळहाताने दाबलं. पाकीट बंद करण्याआधी चिठ्ठी आत आहे ना, हे एकदा बघून घेतलं. मोठ्या, वळणाच्या अक्षरांत लिहिलं होतं: "हे ते नव्हे. शोध चालू ठेवावा." पाकीट पेटीत टाकलं, फटीत बोटं घालून ते खाली पडलं का हे चाचपलं, आणि दुधाच्या आधी घरी पोचायचं म्हणून झपझप निघाली.