कोर्टात उसनं सोनं

नवऱ्यासाठी सरकारी खर्चाने वकील मागायला मी शेजारच्या अक्कांचं सोनं अंगावर घालून गेले होते. हसा, मीही हसते. गळ्यात एकदाणी, हातात पाटल्या, वर लग्नातला शालू. जणू न्यायाधीशांना माझी ओटीच भरायची होती.

पण आमच्याकडे रीतच तशी. चार लोकांत जायचं तर घरच्या बाईने भरल्या अंगाने जायचं. त्यात धुळ्याच्या कोर्टात मागच्या बाकावर आमचेच भाऊबंद बसणार. बांधाच्या भांडणात ह्यांनी चुलतभावाच्या डोक्यात काठी घातली, अशी केस. तेव्हापासून हे तुरुंगात.

पुकारा झाला. साहेबांनी ह्यांना विचारलं, वकील आहे का, नसेल तर लावायची ऐपत आहे का. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी पाहिलं. भाऊबंदांनी तर माना लांब करून पाहिलं. आणि ही शहाणी उभी राहून म्हणाली, "आमचं कोणावाचून अडत नाही, साहेब."

मग तुमचा वकील लावा, म्हणाले, आणि पुढची तारीख दिली. हे पुन्हा आत.

आता वकील लावायला घरात दमडी नाही, आणि सरकारी मागावा तर मी भर कोर्टात श्रीमंत होऊन बसलेली. सासूबाई रोज विचारायच्या, वकिलाचं काय झालं. मी विझलेली चूल फुंकत बसायचे. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढला. तो पाहून कोर्टातला कारकून म्हणाला, कागद ठीक आहे बाई, पण साहेबांनी डोळ्यांनी पाहिलेल्या सोन्याचं काय सांगणार?

पुढच्या तारखेला मी इतकं फाटकं लुगडं नेसले, की एसटीत एका म्हातारीने हातावर केळं ठेवलं. साहेब मात्र फसले नाहीत. दागिने कुठे गेले, त्यांनी विचारलं. मागे भाऊबंद, पुढे साहेब, दाराशी ह्यांच्या बेडीची दोरी धरून शिपाई. पळायलाही वाट नव्हती.

"शेजारणीचे होते साहेब, उसने. आमच्याकडे काहीच नाही."

मागे कोणीतरी खुसखुसलं. वकील मंजूर झाला.

बाहेर व्हरांड्यात शिपायाने ह्यांना पाणी पिऊ दिलं. आता हे कौतुक करतील म्हणून मी जवळ गेले. माझ्याकडे न बघता हे म्हणाले, "वकील भेटी गया, बरं झायं. पन आते गावमा कोनतं तोंड लिसन येऊ? त्यानापेक्षा जेलच बरी शे."